कारा समुद्रावरचा बर्फ आणि विंझरचे भात

उत्तर ध्रुवाभोवतीच्या महासागरावर दर हिवाळ्यात बर्फाचे जे कवच पसरते, त्याचा विस्तार मार्च महिन्यात सर्वाधिक असतो. २०२५ साली तो २२ मार्च रोजी १ कोटी ४३ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास येऊन थांबला आणि तेथून ओसरू लागला. उपग्रहांच्या साहाय्याने या बर्फाची अखंड मोजणी १९७९ पासून होत आहे. तोपर्यंतच्या नोंदीत हिवाळ्याच्या ऐन भरात इतका थोडा बर्फ कधीही आढळला नव्हता. अशा बातमीला आपल्याकडे आतल्या पानावरचा एखादा स्तंभ मिळतो, आणि त्यात नवल नाही. ज्या समुद्रांची नावे शालेय नकाशाच्या वरच्या कडेला कशीबशी मावतात, तेथला बर्फ वितळला काय किंवा राहिला काय, पुण्यातील कारकुनाच्या वेतनात किंवा वेल्हे तालुक्यातील शेतकऱ्याच्या कणगीत त्याने काय फरक पडणार, असा प्रश्न कोणीही विचारील. फरक पडतो, असे उत्तर आता देता येते. मात्र तो कसा पडतो, किती पडतो आणि कोणाच्या खात्यावर पडतो, हे तपासून घेतल्याखेरीज त्या उत्तराला काही किंमत नाही.

पृथ्वीचे सरासरी तपमान वाढत आहे, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. पण ही वाढ सर्वत्र सारखी नाही, आणि सरासरीचा आकडा येथे फार फसवा ठरतो. फिन्लंडमधील हवामानशास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९७९ नंतरच्या चार दशकांत उत्तर ध्रुवीय प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला. त्याच वर्षी नॉर्वेतील संशोधकांनी बॅरेन्ट्स समुद्राच्या उत्तर भागातील नोंदी तपासल्या, तेव्हा तेथील वार्षिक तपमान दर दशकाला २.७ अंश सेल्सिअसपर्यंत आणि शरद ऋतूत ४ अंशांपर्यंत वाढत असल्याचे दिसून आले. औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेने दीड-दोन अंशांची मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून जगातील राष्ट्रे दरवर्षी परिषदा भरवितात. या एका समुद्रावर तेवढी वाढ दहा वर्षांच्या आत होऊन जाते.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. बर्फाने झाकलेला समुद्र आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा अर्ध्याहून अधिक भाग परतवून लावतो, आणि बर्फावर ताजे हिम असेल तर याहूनही कितीतरी जास्त. उघडे, काळसर पाणी मात्र जेमतेम सहा-सात टक्के परतविते, उरलेले सारे पोटात घेते. म्हणजे बर्फ हटला की पाणी तापते, आणि पाणी तापले की आणखी बर्फ हटतो. व्याजावर व्याज चढत जावे तशी ही वाढ आहे. बॅरेन्ट्स आणि त्याच्या पूर्वेचा कारा या समुद्रांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली आहे. नॉर्वेच्या किनाऱ्याने अटलांटिक महासागराचे उबदार आणि खारट पाणी उत्तरेकडे येते. पूर्वी वितळलेल्या बर्फाचे गोडे, हलके पाणी वरच्या थरात राहून या उष्ण पाण्यावर झाकणासारखे बसत असे. बर्फच कमी येऊ लागल्यावर ते झाकण पातळ झाले आणि खालची उष्णता वर येण्यास वाट मोकळी झाली. उन्हाळ्यात साठविलेली ही उष्णता शरद ऋतूत हवेत सोडली जाते, म्हणूनच तेथील तपमानाची सर्वात मोठी उडी त्या ऋतूत दिसते.

येथे एका प्रचलित गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. पेल्यातील बर्फ विरघळला म्हणून सरबत पेल्याबाहेर सांडत नाही, त्यातलाच हा प्रकार. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरल्याने आणि पाणी तापून फुगल्याने. ग्रीनलंडवरचा सारा बर्फ वितळला तर जगातील समुद्र सुमारे सात मीटरने चढतील, पण ते शतकांचे काम आहे. मुंबई बुडणार, या भाकितातच ध्रुवीय प्रश्न संपतो असे समजणाऱ्यांचे लक्ष त्यामुळे भलतीकडेच गुंतून राहते. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर या तापण्याचा संबंध समुद्राच्या पातळीपेक्षा पावसाच्या वेळापत्रकाशी अधिक निकटचा असण्याचा संभव आहे.

सिमला ऑफिसची परंपरा

आपल्या पावसाचे कारण उत्तरेकडच्या बर्फात शोधणे ही काही आजची टूम नव्हे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली असे मांडले की, हिमालयावर हिवाळा-वसंतात बर्फ फार पडला तर पुढील पावसाळा क्षीण होण्याकडे कल असतो. १८७६-७८ च्या दुष्काळाने सरकारची झोप उडाली होती आणि सारा वसूल होणार की नाही, हे आधी कळावे अशी निकड होती. त्या निकडीतून १८८६ पासून मोसमी पावसाचे दीर्घ मुदतीचे अंदाज नियमितपणे निघू लागले. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी दक्षिण गोलार्धातील हवेच्या दाबाशी त्यांची सांगड घातली. या खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तेथून रोज बसने जाणाऱ्या कितीजणांना या नावामागचा इतिहास ठाऊक असेल, हा भाग वेगळा.

१९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेले जे प्रारूप तयार केले, त्यात हिमालयावरील आणि युरोप-आशिया खंडांवरील बर्फाच्या आच्छादनाचा समावेश होता. चौदा वर्षे त्याने बरी साथ दिली. २००२ साली मात्र पाऊस सरासरीइतका होईल असा अंदाज असता प्रत्यक्षात १९ टक्क्यांची तूट आली आणि ते प्रारूप बाजूस ठेवावे लागले. त्या फजितीचा धडा असा की, हवेतील नाती कायमची नसतात. आधार असलेले जगच बदलू लागले तर काल जुळणारे गणित आज जुळत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा अनुभव नवा वाटू नये.

या पार्श्वभूमीवर गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांकडे पाहावयास हवे. अंटार्क्टिकावर पहिली भारतीय मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली होती; हे केंद्र १९९८ पासून कार्यरत आहे. स्वालबार्ड बेटांवर ‘हिमाद्री’ हे भारताचे ठाणे २००८ साली उघडले, २०१४ साली तेथील खाडीत १९२ मीटर खोलीवर मापक यंत्रे सोडण्यात आली, आणि २०२३ च्या डिसेंबरापासून ध्रुवीय रात्रीच्या काळोखातही भारतीय शास्त्रज्ञ तेथे राहू लागले. या केंद्रातील संशोधकांना असे आढळले की, १९८० नंतरच्या काळात कारा समुद्रावरील उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात मोसमाच्या अखेरीस, विशेषतः सप्टेंबरात, अतिवृष्टीच्या घटना होणे यांच्यात संबंध दिसतो. बर्फ कमी झाला की वायव्य युरोपवर हवेचा दाब वाढतो. तेथून वातावरणाच्या वरच्या थरात एक लाट निर्माण होऊन ती आशियाच्या दक्षिण भागापर्यंत येते आणि येथील हवा वर चढण्यास अनुकूल स्थिती तयार होते. त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असेल तर बाष्पाचा तोटा नसतो. एकाने दार उघडावे आणि दुसऱ्याने माल भरावा, तसे हे आहे.

हा संबंध म्हणजे सिद्ध झालेले कार्यकारण नव्हे, आणि अमुक दिवशी अमुक गावी पडलेल्या पावसाचे पाप कारा समुद्राच्या माथी मारता येत नाही. एल निनो आहे, हिंदी महासागराचे स्वतःचे हेलकावे आहेत. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलीमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळला. पण तो जुलैचा पाऊस होता. सप्टेंबराविषयीचा निष्कर्ष त्याला लावणे हे शास्त्र नव्हे. तथापि अतिवृष्टी वाढत आहे, याबद्दल दुसरीकडूनही पुरावा आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांना बाष्प पुरविण्यात अरबी समुद्राचा वाटा मोठा आहे. खुद्द हवामान खात्यानेही २०२० साली आपले वेळापत्रक सुधारून घेतले. वायव्य राजस्थानातून मोसमी पाऊस परत फिरण्याची जी सरासरी तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरली जाई, ती आता १७ सप्टेंबर झाली आहे. सोळा दिवसांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. भाताच्या खाचरात तो तसा नसतो.

हळवे, निमगरवे आणि गरवे

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, राजगड आणि तोरणा या दोन किल्ल्यांच्या छायेत विंझर हे गाव आहे. पुण्यापासून पन्नासएक किलोमीटरचे हे अंतर. पण सिंहगडापलीकडचा हा मुलूख आर्थिक दृष्ट्या पुण्यापासून कितीतरी दूर राहिला आहे. घरटी एखादा माणूस पुण्या-मुंबईत नोकरीला, आणि मागे बायका, वृद्ध व भाताची खाचरे, हे येथील जुने चित्र. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, नावाने पीक मात्र बदललेले नाही. खरिपातले भात हेच येथले मुख्य पीक, आणि इंद्रायणी हा त्यातला नावाजलेला वाण. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली तो प्रसारित केला आणि आंबेमोहराचा वास व बरा उतारा या दोहोंची त्यात सांगड असल्याने मावळपट्ट्यात तो घरोघर गेला.

भाताचे वाण तयार होण्यास लागणाऱ्या दिवसांवरून हळवे, निमगरवे आणि गरवे असे ओळखले जातात. हळवे लवकर येते, सप्टेंबर सरता सरता कापणीस येते. निमगरवे ऑक्टोबराच्या उत्तरार्धात, आणि गरवे त्याही मागून. गेली कित्येक दशके शेतकऱ्याला मिळणारा सल्ला असा की, पाऊस लवकर गेला तर फजिती नको म्हणून उताराच्या, हलक्या जमिनीत हळवे वाण लावावेत. तो सल्ला दुष्काळाच्या भीतीतून आलेला होता आणि त्या काळी तो योग्यही होता. पण पाऊस लवकर जाण्याऐवजी उशिरा जाऊ लागला आणि जाता जाता कोसळू लागला, तर हळव्याची कापणी नेमकी पावसात सापडते. गरवे लावावे तर एखाद्या वर्षी पाऊस खरोखरच लवकर उलटतो आणि दाणा भरण्याच्या वेळी खाचर कोरडे पडते. दोन्हीकडून जुगारच. त्यात पत्ते वाटणारा हात कित्येक हजार किलोमीटरवर आहे.

कापलेले भात लगेच झोडता येत नाही. ते दोन-तीन दिवस खाचरातच पसरून वाळू द्यावे लागते, मग भारे बांधून खळ्यावर न्यायचे. या दोन-तीन दिवसांत पाऊस आला की कडपांखाली पाणी साचते, दाण्याला मोड येतात, तांदूळ भरडताना तुटतो, आणि पेंढा काळा पडतो. शहरातल्या वाचकाला पेंढ्याचे महत्त्व चटकन ध्यानात येणार नाही. पण ज्या घरी दुभते जनावर आहे तेथे पेंढा हा वर्षभराचा चारा असतो, आणि तो गेला की दुसऱ्या गावाहून पैसे मोजून आणावा लागतो. बातमीत पिकाचे नुकसान येते, पेंढ्याचे बहुधा येत नाही.

आर्थिक दृष्टीने येथे एक मुद्दा आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. दुष्काळ हा शेतकऱ्याला टप्प्याटप्प्याने नाडतो. जूनमध्ये पाऊस आला नाही तर पेरा लांबतो, जुलैत नाही आला तर लावणी थांबते, आणि प्रत्येक टप्प्यावर पुढचा खर्च करायचा की नाही हे ठरविण्याची संधी त्याच्या हाती असते. खत कमी टाकता येते, मजूर लावायचे टाळता येतात. नुकसान होते, पण ते आवरता येते. मोसमाच्या अखेरीच्या पावसाची रीत निराळी. राब भाजून झालेला असतो, चिखलणी, लावणी, खत, निंदणी, कापणी सारे होऊन गेलेले असते. रुपयातले पंधरा आणे खाचरात पडलेले असतात आणि हाती येणारे पीक डोळ्यांसमोर असते. अशा वेळी दोन दिवसांचा पाऊस येतो तो सगळे भांडवल घेऊन जातो. पूर्वी सावडीने किंवा इर्जिकीने कामे उरकली जात. आता पावसाची उघडीप पाहून सारे गाव एकाच आठवड्यात कापणीला पडते, तेव्हा मजुरीचा दरही त्याच आठवड्यात चढतो.

महाराष्ट्राची मदतव्यवस्था मात्र पहिल्या प्रकारच्या संकटासाठी घडविलेली आहे. ब्रिटिश अमदानीतील दुष्काळ संहिता, आणेवारी अथवा आजची पैसेवारी, १९७७ चा रोजगार हमी कायदा ही सारी दुष्काळाची अपत्ये. रोजगार हमीचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळात मिळालेल्या अनुभवातून या राज्याने देशाला दिलेली ती देणगी आहे. पण ओल्या संकटासाठी त्या तोडीची व्यवस्था आजही नाही. जे आहे ते प्रसंगोपात्त आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात नद्यांनी शेते धुऊन नेली, तेव्हा राज्य सरकारने ऑक्टोबरात ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. रक्कम लहान नव्हे. परंतु ज्या आपत्तीची वारंवारता वाढते आहे, तिच्यासाठी दरवेळी नव्याने घोषणा करावी लागणे हेच व्यवस्थेच्या अभावाचे लक्षण होय.

पासष्ट मिलीमीटरचा निकष

येथे विंझरचे दुसरे महत्त्व ध्यानात घ्यावे लागते. हे गाव महसूल मंडळाचे आहे. ‘महावेध’ प्रकल्पाखाली २०१७ पासून राज्यात मंडळवार स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली, आणि विंझर मंडळातील पाऊस किती, हे त्या मंडळाच्या मापकावरून ठरते. चोवीस तासांत ६५ मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. मग त्या मंडळातील गावांचे पंचनामे होतात, आणि नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असेल तर मदत मिळते.

आता हा निकष सह्याद्रीच्या कुशीत आणून पाहा. जुलैमध्ये येथे एका दिवसात ६५ मिलीमीटर पाऊस ही संकटाची खूण नव्हे. लावणीला तो हवाच असतो, आणि त्या दिवशी कोणी पंचनाम्याची मागणी करीत नाही. उलट ऑक्टोबराच्या पहिल्या पंधरवड्यात, भात कापून खाचरात पसरले असता, वीस-पंचवीस मिलीमीटरची एक सर त्याची माती करावयास पुरेशी आहे. तेव्हा मापक सांगतो की अतिवृष्टी झालीच नाही. पावसाचा आकडा पाहायचा आणि पीक कोणत्या अवस्थेत आहे हे पाहायचे नाही, असा हा हिशेब आहे. सततच्या पावसाला नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय २०२३ साली झाला, ही त्यातली सुधारणा खरी. परंतु तेथेही लागोपाठच्या दिवसांचा पाऊस मोजला जातो, खाचरातले भात नव्हे. शिवाय या डोंगराळ मुलखात घाटमाथ्याकडचा पाऊस आणि नसरापूरच्या बाजूचा पाऊस यांत काही कोसांच्या अंतरातच फार मोठा फरक असतो. एका मापकाने साऱ्या मंडळाचे नशीब ठरविणे सपाटीवर कदाचित चालून जाईल, डोंगरात ते चालत नाही.

पीकविम्याची कथाही याच धर्तीची. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ साली सुरू झाली. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आणला. अर्जांचा पूर लोटला, त्यात बनावट अर्जही निघाले, सरकारी तिजोरीवरचा भार वाढला, आणि २०२५ च्या खरिपात ती सवलत मागे घेण्यात आली. एक रुपयात विमा ही कल्पनाच अर्थशास्त्राच्या दृष्टीने सदोष होती. जेथे हप्ता नाममात्र, तेथे खोटेपणाला आमंत्रणच असते. तेव्हा शेतकऱ्याकडून विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता घ्यावा, या निर्णयाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती त्याबरोबर झालेल्या दुसऱ्या बदलाबद्दल. पूर्वीच्या योजनेत काढणीनंतर चौदा दिवसांपर्यंत शेतात पसरलेल्या पिकाचे नुकसान झाले तर भरपाईची तरतूद होती, आणि स्थानिक आपत्तीसाठीही स्वतंत्र संरक्षण होते. २०२५ च्या खरिपात ही संरक्षणे वगळण्यात आली आणि भरपाई केवळ पीककापणी प्रयोगांतून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर अवलंबून ठेवली गेली.

याचा अर्थ काय होतो? पीककापणी प्रयोग उभ्या पिकावर होतो. ठराविक प्लॉट निवडतात, भात कापतात, मळणी करून दाणे वजन करतात आणि आकडा लिहून घेतात. तो आकडा चांगला येतो, कारण पीक खरोखरच चांगले आलेले असते. चार दिवसांनी पाऊस येतो आणि मंडळातील बहुतेकांचे कापलेले भात भिजून जाते. कागदोपत्री मंडळाचे उत्पन्न उत्तम राहते, भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. ज्या संकटाची शक्यता वाढत असल्याचे गोव्याचे शास्त्रज्ञ सांगत होते, नेमक्या त्याच संकटाचे संरक्षण मुंबईत मंत्रालयाने कमी केले. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. एका खात्याला दुसऱ्या खात्याचे काय चालले आहे हे ठाऊक नसते, एवढे कारण पुरे आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने २०२६ च्या खरिपापासून भात पाण्याखाली जाण्याचा धोका पुन्हा विम्यात घेण्याचे जाहीर केले, ते स्वागतार्ह आहे. पण उभे भात बुडणे वेगळे आणि कापलेले भात भिजणे वेगळे.

बर्फ आणि विमा यांचा असा संबंध जोडणे कोणाला ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. कारा समुद्र आणि सप्टेंबराचा पाऊस यांचे नाते निर्विवाद सिद्ध होईपर्यंत धोरणाने का थांबू नये, असाही आक्षेप येईल. त्याला उत्तर असे की, विम्याला कारणाची सिद्धता लागत नाही, वारंवारतेचा अंदाज लागतो. पाऊस कशाने आला हे न समजताही तो अधिक वेळा येतो आहे हे कळले तर संरक्षण वाढवावे लागते आणि हप्ताही त्या हिशेबाने ठरवावा लागतो. शास्त्रज्ञांच्या संशोधनाचा उपयोग असा की, ही वारंवारता पुढील दशकांत खाली येण्याची आशा धरू नये, एवढे तरी ते सांगते.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू. बर्फ वितळल्याने सर्वांचेच नुकसान होते असे नाही. ज्या कारा समुद्राचा येथे उल्लेख आला, त्याला मिळणाऱ्या ओब नदीच्या आखाताकाठी सबेट्टा हे बंदर आहे, आणि यामाल द्वीपकल्पातील द्रवरूप नैसर्गिक वायू २०१७ च्या डिसेंबरापासून तेथून जहाजांनी बाहेर जातो. बर्फ जितका पातळ, तितका हा मार्ग सुकर आणि वाहतूक स्वस्त. तो वायू जळतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तापलेला समुद्र आणखी मोकळा होतो. नफा मोजक्या कंपन्यांच्या ताळेबंदात दिसतो. तोटा अगणित खाचरांत विखुरलेला असल्याने कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली गिरणीच्या धुराचे जे उदाहरण चर्चेस घेतले होते, त्याचीच ही जागतिक आवृत्ती. फरक इतकाच की, त्या काळी धुराडे आणि धुराने काळवंडलेले कपडे एकाच शहरात होते, आणि कर बसविणारे सरकारही एकच होते.

भारताला या प्रकरणात निव्वळ फिर्यादीच्या भूमिकेत उभे राहता येणार नाही. २०२२ नंतर रशियाच्या स्वस्त तेलाचा मोठा वाटा भारतानेच उचलला, आणि त्यामुळे येथील पेट्रोल-डिझेलचे भाव आटोक्यात राहण्यास हातभार लागला हेही खरे. भारत सरकारने २०२२ च्या मार्चमध्ये आपले आर्क्टिक धोरण जाहीर केले. त्यात मोसमी पावसाच्या अभ्यासाचे महत्त्व सांगितले आहे, आणि तेथील खनिजे, ऊर्जा व जलमार्ग यांत सहभागी होण्याची इच्छाही व्यक्त केली आहे. एकाच दस्तऐवजात डॉक्टरही आहे आणि भागीदारही. दोहोंपैकी कोणाचा शब्द चालेल, हे धोरण सांगत नाही. ते खर्चाच्या तरतुदींवरून कळेल.

आंतरराष्ट्रीय मदतीबद्दल फार लिहिण्याजोगे काही नाही. हानी आणि नुकसान यांसाठीचा निधी २०२२ साली शर्म-अल-शेख येथे मान्य झाला, पुढच्या वर्षी दुबईत त्याची रचना ठरली. त्यातला पैसा वेल्ह्याच्या तहसील कचेरीपर्यंत पोहोचेल अशी अपेक्षा धरून कोणी बसू नये.

राज्याच्या हाती असलेल्या गोष्टी त्यामानाने साध्या आहेत. अतिवृष्टीचा निकष महिन्यानुसार आणि पिकाच्या अवस्थेनुसार ठरविता येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरासाठी तो घाटाखालच्या आणि मावळातल्या मंडळांत खाली आणणे हे शासन-निर्णयाने होणारे काम आहे. डोंगराळ मंडळांत एकाऐवजी दोन-तीन पर्जन्यमापक बसविण्याचा खर्च एका मदतपॅकेजाच्या तुलनेत नगण्य ठरेल. गटागटाने भात वाळविण्याची यंत्रे आणि पक्की खळी यांना रोजगार हमीच्या कामांत स्थान देता येईल. ही सूचना नवी नाही, अंमलबजावणी मात्र विरळ आहे. माध्यमिक शाळांतील भूगोलाच्या शिक्षकांनी आपल्या मंडळाच्या पावसाचे रोजचे आकडे विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले, तर दहा वर्षांत प्रत्येक गावाजवळ स्वतःची नोंदवही तयार होईल, आणि मापक बंद होता अशी सबब पुढे आली तर तिला उत्तर देता येईल. काढणीनंतरच्या नुकसानीचे संरक्षण हवे असेल तर त्यासाठी हप्ता वाढवावा लागेल, हे शेतकरी संघटनांनीही मान्य केले पाहिजे. संरक्षण पाहिजे आणि हप्ता मात्र नको, ही भूमिका एक रुपयाच्या विम्याइतकीच पोकळ आहे.

ध्रुवीय महासागरावरचा बर्फ वर्षातून सर्वात कमी असतो तो सप्टेंबराच्या मध्यावर. २०१२ साली तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरला होता. त्याच आठवड्यांत विंझरच्या परिसरात हळवे भात पिवळे पडू लागते. खरिपाच्या पीकविम्याची अधिसूचना त्याच्या दोन-तीन महिने आधी, पेरण्यांच्या सुमारास निघते. कोणकोणत्या जोखमींना संरक्षण आहे, याची यादी तीत दिलेली असते. कापून खाचरात वाळत पडलेल्या भाताचे नाव त्या यादीत आहे की नाही, हे शेतकऱ्याने हप्ता भरण्यापूर्वी तपासून घ्यावे, आणि गावातील ज्याला वाचता येते त्याने ते इतरांना वाचून दाखवावे.